नाव बागियोचं, घाम बेंगेटचा!

मंडळी, हिल स्टेशन म्हटलं की आपलं ठरलेलं असतं. भाजलेलं कणीस, घोड्यावरचा फोटो, सनसेट पॉइंटची गर्दी आणि येताना चिक्कीचा पुडा. यंदा जरा लांब उडी मारू या का? थेट फिलिपिन्स! स्विमसूट मात्र घरीच ठेवा आणि स्वेटर काढा. आपण समुद्रावर नाही, डोंगरात चाललोय. लुझोन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेरा पर्वतरांग आहे, तिथे बेंगेट नावाचा प्रांत आहे आणि नोव्हेंबर महिना आहे. ढोल तयार, थाळ्या तयार, कोबीचे ढीगही तयार. तुम्ही तयार?

आधी वाय-फाय नाही, अदिवाय!

माहीत आहे का, बेंगेटच्या वार्षिक उत्सवाचं नाव काय? अदिवाय! इथल्या इबालोय आदिवासींच्या भाषेतला हा शब्द. अर्थ साधा : एकत्र या, मजा करा. आपला गणपती दहा दिवसांचा, यांचा उत्सव जवळजवळ अख्खा नोव्हेंबर चालतो. प्रांतातली १३ गावं आपापली भाजी, कॉफी, विणलेलं कापड आणि नाच घेऊन राजधानी ला त्रिनिदादला उतरतात. मिरवणूक, शेतमालाचं प्रदर्शन, जुने खेळ, सामुदायिक जेवण, सगळं एका छताखाली. छत म्हणजे अर्थात आभाळ!

हॅपी बर्थडे, बेंगेट

नोव्हेंबरच का? कारण केक त्याच महिन्यात कापायचा असतो. २३ नोव्हेंबर १९०० या दिवशी अमेरिकन राजवटीत बेंगेटला मुलकी सरकार मिळालं. मनिलात पहिला मुलकी गव्हर्नर शपथ घ्यायला तेव्हा अजून सात महिने होते, म्हणजे राजधानीच्या आधी डोंगराचा नंबर! आणि या प्रांताचा पहिला गव्हर्नर कोण होता, माहीत आहे का? एक पत्रकार, फेल्प्स व्हिटमार्श. बातमी लिहिता लिहिता गडी स्वतःच बातमी झाला!

पारा म्हणा, गाडी थांबेल

मनिलाहून बसने बागियो शहर आणि तिथून जीपनीने ला त्रिनिदाद. शेवटचा टप्पा जेमतेम सहा किलोमीटरचा. जीपनी म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या अमेरिकन जीपांना लांबवून, रंगवून, नटवून बनलेली शेअर गाडी. उतरायचं असेल तेव्हा काय ओरडायचं? ‘पारा!’ म्हणजे थांबवा. गंमत बघा, जीपनी जसजशी वर चढते तसतसा पारा उतरतो आणि पारा म्हटलं की तुम्ही उतरता!

सॅलडची परात

बेंगेटचं टोपणनाव ‘फिलिपिन्सचा सॅलड बाउल’. कोबी, गाजर, बटाटा, फ्लॉवर, लेट्यूस, जे जे थंडीत पिकतं ते ते इथे डोंगराच्या अंगावर पायऱ्या कोरून पिकवलं जातं. ट्रक भरतात, घाट उतरतात आणि मनिलाच्या बाजारात पोचतात. बाउल कसला, परातच म्हणा!

क्रेडिट कुणाचं?

आता खरी मसालेदार गोष्ट. मनिलात फरसबीला काय म्हणतात, माहीत आहे का? बागियो बीन्स! चायनीज कोबीला? पेचाय बागियो! पिकवतो बहुतेक करून बेंगेटचा शेतकरी, नाव लागतं बागियोचं. बागियो हे बेंगेटच्या पोटात बसलेलं शहर, पण कारभार पूर्ण वेगळा. पोटात राहायचं, पाटी मात्र स्वतःची लावायची!

हसू नका. आपण वेगळं काय करतो? भिलारच्या शेतात लाल झालेली स्ट्रॉबेरी पुण्यामुंबईत ‘महाबळेश्वरची’ म्हणूनच विकली जाते ना? भिलारला निदान २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ ही दुसरी ओळख मिळाली. बेंगेटला आहे अदिवाय. वर्षातून एक महिना हा प्रांत आपल्या मालावर स्वतःची सही ठोकतो.

दोन हत्तींएवढा केक

स्ट्रॉबेरीचा विषय निघालाच आहे तर ऐका. ला त्रिनिदाद ही फिलिपिन्सची स्ट्रॉबेरी राजधानी. २००४ च्या मार्चमध्ये या गावाने एक स्ट्रॉबेरी शॉर्टकेक बनवला आणि गिनेस बुकात नाव कोरलं. वजन? ९,६२२ किलो! दोन धिप्पाड हत्ती तराजूच्या एका पारड्यात उभे करा, दुसऱ्यात हा केक. ‘थोडासाच द्या, डाएट चालू आहे’ म्हणणाऱ्यांची काय पंचाईत झाली असेल!

बेरी नसलेली बेरी

जाता जाता एक धक्का. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने स्ट्रॉबेरी ही बेरी नाहीच. केळं मात्र बेरी आहे! स्ट्रॉबेरीवर आपण ज्यांना बिया समजतो ते एकेक इवलंसं फळ असतं आणि लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठाकडचा भाग. म्हणजे नावात बेरी, कामात हेराफेरी!

साबुदाणा, पण उपास नाही

सकाळी सकाळी गल्लीतून आरोळी येते, ‘ताहोऽऽ!’ खांद्यावर कावड, एका डब्यात गरमागरम मऊ टोफू, दुसऱ्यात पाक आणि... साबुदाणा! हो, आपला एकादशीचा मानकरी इथे ग्लासात टोफूवर पोहतो. बाकी फिलिपिन्समध्ये पाक गुळाच्या रंगाचा. बागियो आणि ला त्रिनिदादमध्ये मात्र पाक स्ट्रॉबेरीचा, गुलाबी गुलाबी. खिचडी आठवून डोळे भरून आले तर चमचा पुढे करा, लगेच सुकतील.

बायकोच्या नावाची राजधानी

ताजमहाल विसरा. १८२९ मध्ये गिलेर्मो गाल्वे नावाचा स्पॅनिश अधिकारी चोरटा तंबाखू पकडण्याच्या मोहिमांवर या डोंगरांत शिरला आणि समोर पसरलेलं हिरवंगार खोरं बघून गार पडला. पुढे त्या खोऱ्याला नाव मिळालं ला त्रिनिदाद. कुणाचं? त्याच्या पत्नीचं, दोन्या त्रिनिदाद यांचं! आपण लग्नाच्या वाढदिवसाला गजरा विसरतो, इथे नकाशाच नावावर.

रस्ता करायला आले, भाजी लावून बसले

खालच्या मैदानातून बागियोला चढणारा केनन रोड १९०५ मध्ये खुला झाला. कडे फोडायला देशोदेशीचे मजूर आले होते, त्यात जपानीही होते. रस्ता झाला, पगार झाला, पण काही जपान्यांचं मन इथेच अडकलं. त्यांनी त्रिनिदादच्या खोऱ्यात भाजीपाल्याची शेती धरली. आजच्या सॅलड बाउलमध्ये पहिला चमचा फिरवणाऱ्यांत तेही होते. आधी खडी, मग कोथिंबीर!

आटोक, पण आटोक्याबाहेर

उष्ण कटिबंधातल्या देशात हिमकण जमतात, माहीत आहे का? बेंगेटमध्ये आटोक नावाचं गाव आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कडाक्यात तिथे कोबीच्या पानांवर दवाचं चक्क बर्फ होतं. शहरी पाहुणे ‘वॉव!’ म्हणत फोटो काढतात. शेतकरी मात्र सूर्य उगवायच्या आत उठून पाण्याने ते धुऊन काढतो, नाहीतर ऊन लागलं की पानं करपलीच. एकाचं इन्स्टाग्राम, दुसऱ्याचं इन्शाअल्ला!

शेजारच्या बागियोचा नीचांकही सांगून टाकू : १८ जानेवारी १९६१, फक्त ६.३ अंश सेल्सिअस.

उंच माझा हायवे

याच आटोकमधून हाल्सेमा हायवे जातो आणि एका वळणावर ७,४०० फुटांची उंची गाठतो. वर्षानुवर्षं तिथे ‘देशातल्या महामार्गांवरचं सर्वोच्च ठिकाण’ म्हणून पाटी दिमाखात उभी होती. २०१९ मध्ये सरकारी मोजमापाने गंमत केली. बेंगेटच्याच बुगियासला शेजारच्या इफुगाव प्रांताशी जोडणारा रस्ता त्याहून उंच निघाला. मुकुट गेला, पण पाटीसमोरची सेल्फीची रांग हलायला तयार नाही.

पावसाची फुल्ल बॅटिंग

२६ जुलै २००५. तारीख सांगितली की मुंबईकराच्या अंगावर काटा येतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर! आता बागियोचा स्कोअर बघा. १४ आणि १५ जुलै १९११, २४ तासांत १,१६८ मिलिमीटर! चेरापुंजीचा १८७६ चा १,०३६ मिलिमीटरचा आकडाही त्याने धुऊन काढला. आकडा धुतला म्हणजे अक्षरशः धुतला! म्हणूनच नोव्हेंबर सोयीचा. तोवर पावसाचा जोर ओसरतो आणि ‘अमिहान’ हा ईशान्येचा गार वारा सुटतो. ढोलाचं कातडं कोरडं, पाहुणाही कोरडा.

पावणेदोन कळसूबाई

लुझोन बेटाचं सर्वांत उंच शिखर, माऊंट पुलाग, बेंगेटच्या सीमेवर आहे. उंची २,९२६ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर. करा भागाकार! पहाटे माथ्यावर पोचा, खाली ढगांचा समुद्र आणि पायाशी गुडघ्याएवढा बुटका बांबू. चढायच्या आधी डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट मात्र दाखवावं लागतं. आणि आवाज खाली! इबालोय लोकांच्या श्रद्धेप्रमाणे पूर्वजांचे आत्मे इथे वस्तीला असतात. आजोबा झोपलेत, स्पीकर बंद.

उंदीरमामा परत आले

याच पुलागच्या झाडांवर २००८ मध्ये शास्त्रज्ञांना एक मऊ केसांचा, मोठ्या काळ्या डोळ्यांचा ‘क्लाउड रॅट’ सापडला. त्याआधीची नोंद? १८९६! तब्बल ११२ वर्षं साहेब कुणाला दिसलेच नव्हते. ‘आउट ऑफ स्टेशन’ असावं तर असं.

खासी बात

बेंगेटच्या डोंगरावर सगळीकडे पाइनची झाडं. इंग्रजीत ‘बेंगेट पाइन’. शास्त्रीय नाव माहीत आहे का? पायनस केसिया. आणि हे ‘केसिया’ आलं कुठून? आपल्या मेघालयातल्या खासी टेकड्यांवरून! तिकडचं आणि इकडचं झाड एकाच जातीचं. एवढ्या लांब येऊन शेवटी भेटलं कोण? आपलाच गाववाला.

वाटवाट म्हणजे वाटावाट

आता जेवायला बसू. डोंगरी लोकांचा मोठा विधी म्हणजे कन्याव. डुक्कर कापतात, त्याचं पित्ताशय बघून जाणती मंडळी शकुन सांगतात, मग अख्ख्या गावाला जेवण. जुन्या काळी इबालोय समाजात श्रीमंत ठरायचं असेल तर तिजोरी दाखवून भागत नसे. दिवसच्या दिवस पंगती उठवाव्या लागत. पाहुण्याला निघताना मांसाचा वाटा बांधून देतात, त्याला म्हणतात ‘वाटवाट’. वाटावाटीला याहून चपखल शब्द मराठीलाही सुचला नसता! आपल्याकडे लग्नघरून निघताना मावशी लाडवाचा पुडा पिशवीत कोंबते ना, तेच हे. फक्त इथे लाडूऐवजी डुक्कर.

हात पसरा, पण मागायला नाही

जेवणाआधी नाच. तायाव या नाचात एक जोडी पुढे येते. पुरुषाच्या खांद्यावर विणलेल्या चादरी, बाईचे हात पंखांसारखे. ‘गांसा’ म्हणजे पितळी थाळी आणि ‘सोलिबाव’ म्हणजे निमुळता ढोल. पाहुणा दिसला की त्याच्याही खांद्यावर चादर पडते. ‘मला नाचता येत नाही’ चालत नाही. वरातीत चालतं का? बेंदियान हा दुसरा प्रकार, शेकड्यांनी फेर धरायचा. एकेकाळी हा लढाई जिंकून आल्यावरचा नाच होता. आता पीक चांगलं आलं तरी पुरतं!

धपाटे, पण खायचे नव्हेत

‘पिनिकपिकान’ हे इथलं प्रसिद्ध चिकन सूप. नाव ‘पिकपिक’वरून आलं, अर्थ हलके हलके बडवणे. कोंबडी शिजवण्याआधी काठीने बडवायची जुनी विधीतली रीत. ऐकून अनेकांचा घास अडतो आणि प्राणिप्रेमींचा तर आक्षेपच आहे. हळवे असाल तर बाजूची ‘किनीइंग’ घ्या, धुरावर टांगून वाळवलेलं डुकराचं मांस. शाकाहारी असाल तर? अहो, सॅलड बाउलमध्ये उभे आहात! सोबत तांदळाची ‘तापुय’ असतेच. गोड लागते, नंतर पायऱ्या दुप्पट दिसतात.

आप्पांची घरवापसी

ममी म्हटलं की इजिप्त? चूक! काबायान गावाच्या गुहांत ‘फायर ममी’ आहेत. मरणपंथाला लागलेल्या माणसाला खूप खारट पेय पाजत. मृत्यूनंतर देह धुऊन खुर्चीत बसवत, खाली मंद धुनी, तोंडातून तंबाखूचा धूर आत फुंकत, अंगाला वनस्पतींचा रस. आठवडे, कधी महिने हे चाले. मग गुडघे पोटाशी घेतलेला तो देह पाइनच्या ओंडक्यातल्या पेटीत. स्पॅनिश आले आणि ही रीत थांबली.

यातले सर्वांत मोठे सेलेब्रिटी म्हणजे अपो आन्नू. ‘अपो’ म्हणजे मानाचा वडीलधारा, आपल्या ‘आप्पा’चा जणू मावसभाऊच! अंगभर गोंदण असलेली ही ममी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चोरीला गेली, मनिलात तमाशासारखी मांडली गेली, हातोहात फिरली. गावात दुष्काळ, भूकंप, रोगराई जे जे आलं ते आप्पा नसल्यामुळे, अशी लोकांची खात्री. १९८४ मध्ये आप्पा घरी परतले. गावाने कन्याव घालून पाय धरले.

इगोरोट काउबॉय

मूड बदला! मिरवणुकीत पारंपरिक पोशाखाशेजारी काउबॉय हॅट, बूट आणि गिटार दिसली तर डोळे चोळू नका. बेंगेटची इगोरोट, म्हणजे डोंगरी माणसं अमेरिकन कंट्री म्युझिकची जबरदस्त फॅन आहेत. अमेरिकन आले, मागोमाग रेडिओ आला. गायी, डोंगर, घराची ओढ असली गाणी डोंगरातल्या माणसाला परकी वाटतील तरी कशी? टेक्सासला न जाता टेक्सास!

रंग दे बसंती

ला त्रिनिदादला शिरताना डोंगरउतारावरची घरं एकदम इंद्रधनुष्य पांघरून उभी दिसतात. तीन वस्त्यांच्या नावांची आद्याक्षरं जोडून बनलेलं ‘स्टोबोसा’. २०१६ मध्ये चित्रकार आणि गावकऱ्यांनी मिळून भिंतींचंच महाचित्र केलं. तिथून पुढे बाहोंग वस्ती, देशाची गुलाब राजधानी. आणि नोव्हेंबरात रस्त्याकडेला रानटी सूर्यफुलांचा पिवळा पूर. हे मूळचं मेक्सिकोचं झाड. इथलं नाव ‘मारापाइत’, म्हणजे कडू. दिसायला गोड, नावाने कडू!

जॉन हे, पण ‘हे’ कुणाचं?

बागियोत ‘कॅम्प जॉन हे’ नावाची सुंदर जागा आहे. ‘हे’ हे आडनाव आहे, अमेरिकेच्या एका माजी परराष्ट्रमंत्र्याचं. पण जमीन कुणाची होती, माहीत आहे का? मातेओ कारिन्यो या इबालोय गुरेवाल्याची. अमेरिकन लष्कराने ती घेतली, कागद मागितले. कागद कसला? बापजाद्यांपासून आमची! कारिन्यो कोर्टात गेले आणि प्रकरण थेट वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात पोचलं. १९०९ मध्ये न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल दिला. स्मरणापलीकडच्या काळापासून जी जमीन माणसं कसत आली, ती कधी सरकारी नव्हतीच असं धरायचं! निकाल ऐकायला कारिन्यो हयात नव्हते. त्यांचा दाखला मात्र आदिवासींच्या जमिनीच्या हक्कासाठी आजही कोर्टात दिला जातो.

आणि याच कॅम्पात ३ सप्टेंबर १९४५ रोजी ‘मलायाचा वाघ’ म्हणवणाऱ्या जनरल यामाशिताने शरणागतीवर सही केली. वाघाचं मांजर इथे झालं!

गुरू, मुख आणि अचार

भाषा येत नाही? अर्धी येतेच की! फिलिपिनोत शिक्षक म्हणजे ‘गुरो’, चेहरा म्हणजे ‘मुखा’, आशा म्हणजे ‘आसा’, वनदेवता ‘दिवाता’ आणि लोणचं ‘अचारा’. संस्कृत आणि अचार शतकांपूर्वीच बोटीतून इथे उतरलेत. बाजारात भाजीवाल्या ताईला ‘मनांग’ म्हणा, दादाला ‘मनोंग’. इलोकानो भाषेतले हे मानाचे शब्द आहेत. भाव कमी होईल की नाही सांगता येत नाही, हसू नक्की मिळेल.

निघण्याआधी झटपट

थंडीचे कपडे घ्या. घाटात पोट ढवळत असेल तर आल्याची वडी खिशात ठेवा. ममीच्या गुहेत हात लावू नका, आप्पा रागावतात. कुणी खांद्यावर चादर टाकली तर पळू नका. आणि वाटवाट मिळाला तर ‘नको नको’ म्हणू नका. मावशीला म्हणता का?

आणि हो, परतताना मनिलाच्या बाजारात एक काम करा. भाजीवाल्याने ‘बागियो बीन्स’ म्हणून फरसबी पुढे केली की मान हलवा आणि म्हणा, ‘बेंगेट बीन्स द्या!’ तो गोंधळेल. पण टोपलीमागे कोबी उतरवणारा, डोक्यावर काउबॉय हॅट घातलेला एखादा डोंगरी मनोंग वळून बघेल. मूठभर शेंगा जास्त पडल्या तर समजा, तो तुमचा वाटवाट.